अकरा दिवसांचा पाऊस

पुणे, ४ जुलै २००५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

येरवड्याच्या खोलीत तेजस्विनी राहायला आलीय. ती कॉम्प्युटर कंपनीत आहे. म्हणते, तू पगार घेऊन ढग मोजतेस. खरंच आहे. एसीत बसून मी दिवसभर न पडलेला पाऊस पाहते आणि पाहता पाहता आपल्या गावात जाऊन येते.

कॉम्प्युटरमधल्या हवामानाच्या मॉडेलमध्ये गावावर खऱ्यापेक्षा फार पाऊस पडतो. तुमच्या शाळेतल्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून तो दुरुस्त करायचा. एक पद्धत फक्त सरासरी सरकवते; दुसरी प्रत्येक लहानमोठा पाऊस तुमच्या नोंदींच्या मापात बसवते, म्हणून त्या नोंदींत नसलेला मोठा पाऊस छाटला जातो. यातली भरवशाची कोणती, यावर आपल्या ओढ्याच्या नव्या पुलाची उंची ठरणार आहे.

बाबा, ऑगस्ट १९७८ मध्ये सलग अकरा दिवस अठरा-अठरा मिलिमीटरच कसा हो पडला? रागावू नका.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
प्रियदर्शनी

दारव्हा, ९ जुलै २००५

चि. प्रियदर्शनी हिस,
अ. उ. आ.

सत्तावीस वर्षं कुणी विचारलं नाही, शेवटी पोटच्या पोरीनं पकडलं! तुझी आई अडली होती. तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात गेलो तो अकरा दिवस तिथेच. तुला घेऊन परतलो तेव्हा मापकात १९८ मिलिमीटर साचलं होतं. कोरे रकाने ठेवायची मास्तराला लाज वाटली. भागाकार करून वाटून टाकलं. गाव सांगत होतं की बहुतेक पाऊस एकाच दिवशी कोसळला, ओढा देवळात शिरला. मी कुठला ऐकतोय? तुझ्या मुठी बघत बसलो होतो.

पूल माझ्या भागाकारावर बांधू नकोस. माझी अब्रू गेली तर जाऊ दे. आई विचारते, जेवतेस ना.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
हिंमतराव

पुणे, १८ जुलै २००५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा रकाने कोरे केले. मोठ्या पावसासाठी दुसरी, छाटणारी पद्धत वापरू नये, असं अहवालात लिहिलं. पूल उंच होईल.

कोऱ्या रकान्याचं कारण द्यावं लागतं. मी लिहिलं: निरीक्षक मुलीच्या जन्मामुळे गैरहजर. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

माया अशीच असू द्यावी,
तुमची प्रियदर्शनी