दुसरी बाही

बर्गन,
३ फेब्रुवारी १९७४

ती. बियोर्ग आत्यास,
हालवर्डचा शि. सा. न. वि. वि.

सिग्नीने विणकामाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मला वाटत होतं, मी कॉलेज सोडलं हे ऐकून ती खूश होईल. बंदरावर मासे निवडायचं काम मिळालंय, वर्षभरात दोन खोल्या घेऊ, मग लग्न, असं सगळं मी तिला एका दमात सांगितलं. ती माझ्यासाठीच स्वेटर विणत होती. हातातली ओळ पुरी केली, सुया लोकरीच्या गुंड्यात खुपसल्या आणि शांतपणे म्हणाली, "आता हा तूच संपव. तुझ्या हातून एक तरी गोष्ट पुरी झालेली मला बघायचीय. तोवर येऊ नकोस."

पिशवीत स्वेटरचं धड आहे, पिंपासारखं गोल आणि बंद. एक बाही आहे, दुसरी नाही. तिचे वडील बाहेरून आलेली जहाजं बंदरात आणतात. त्यांनीही तिला बजावलंय म्हणे, की हा मुलगा अर्ध्या वाटेवरचा. बाबांची होडी मी अर्धीच रंगवली आणि व्हायोलिन सहा महिन्यांत टाकलं, हे त्यांच्या घरी कुणी सांगितलं, तेही मला समजायला हवं.

पिशवी उद्याच्या बोटीने तुझ्याकडे धाडतो. बाही तू विणून दे, तिला कळणार नाही. हे रागात लिहीत नाही. रागात लिहिलेली पानं फाडून टाकलीत.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा हालवर्ड

*

उट्ने,
९ फेब्रुवारी

चि. हालवर्ड यास,
बियोर्ग आत्याचे अनेक आशीर्वाद.

पिशवी आली तशीच परतीच्या बोटीने पाठवली आहे. अरे, ज्याचा त्याचा हात वेगळा असतो. माझी वीण सिग्नी धक्क्याच्या पलीकडून ओळखेल. तिची बाही मी खिडकीपाशी नेऊन उलटी करून पाहिली. मोकळा हात आहे पोरीचा, कुठे घाई नाही. असा हात मला तिशीनंतर आला.

लहानपणी तुला पायमोजे विणायला मीच शिकवलं होतं. टाच आली की तू पळायचास. बाहीला टाच नसते, तेव्हा यंदा पळायला निमित्त नाही. मनगटापासून सुरू कर, वर जाशील तसे टाके वाढव. मागून जाणारा दुसऱ्या रंगाचा धागा ओढून धरू नकोस. तू ओढशीलच, तरी सांगून ठेवते.

होडीचं मीच सांगितलं. नाताळात ती इथे आली होती, विचारलं तिने, मी खोटं कशाला बोलू? व्हायोलिनचं मात्र तुझ्या बापाने. त्याने कॉलेजचं ऐकलंय. तेव्हापासून नुसता लाकडं फोडत बसलाय. एवढी लाकडं आम्हाला लागत नाहीत.

माया आहेच, पण ती विणून मिळणार नाही.

आत्या

*

बर्गन,
१० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाही झाली. तू म्हणालीस तसंच झालं, धागा ओढला गेला. सिग्नीच्या बाहीशेजारी माझी बाही धुऊन आटल्यासारखी दिसते. मुकादमाशी भांडलो त्या दिवशीची वीण तर इतकी घट्ट आहे की सुई शिरेना. उसवून टाकावी असं रोज मनात येतं.

सिग्नी धक्क्यावर दोऱ्या-कंदिलांच्या दुकानात असते. मी काचेसमोरून गेलो की तिला नेमकं वरच्या फळीवरचं काहीतरी काढायचं असतं.

आता धड कापून त्याला बाह्यांसाठी वाट करायची. तू घरी कापायचीस तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन उभा राहायचो, ते तुला ठाऊक नसेल. हे तर तिच्या हातचं. घरमालकीण हाउगेबाईंनी शिलाई मशीन देऊ केलंय, अट एवढीच की मी दारं आपटणं बंद करावं. तू एक दिवस येऊन जाशील का?

हालवर्ड

*

उट्ने,
१५ मार्च

चि. हालवर्ड यास आशीर्वाद.

येणार नाही, मेंढ्या विताहेत. तू खोलीबाहेर उभा राहायचास ते ठाऊक होतं. दाराखालून तुझे मोजे दिसायचे.

कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांना मशीनची दुहेरी शिवण मार, मग मधून काप. तुझा स्वभाव आधी कात्री, मग शिवण. तसं केलंस तर तिचं सगळं काम टाक्याटाक्याने सुटत जाईल. म्हणून कात्री हाउगेबाईंच्या ताब्यात दे आणि शिवण झाल्यावरच माग.

बाही उसवू नकोस. घट्ट तर घट्ट. आणि घालशील तेव्हा वरून काही चढवून झाकू नकोस.

आत्या

*

बर्गन,
रविवार, २४ मार्च

ती. आत्यास,
हालवर्डचा शि. सा. न. वि. वि.

कापला. आधी शिवण, मग कात्री. एकही टाका सुटला नाही. हाउगेबाईंनी शिवण पाहूनच कात्री हाती दिली.

काल ऊन पडलं, त्यामुळे सगळं गाव धक्क्यावर उतरलं होतं. स्वेटर घालून मी जुन्या लाकडी घरांसमोरून मासळीबाजारापर्यंत गेलो, तिथून किल्ल्यापर्यंत, आणि परत. नवा स्वेटर घातलेला माणूस इथे सार्वजनिक मालमत्ता असतो. बाकावर कोळंबी सोलत बसलेल्या एका म्हातारीने मला थांबवलं, हात पुसले, काठ उलटून आतली बाजू पाहिली. म्हणाली, यात दोन माणसं आहेत, एक निवांत आणि एक भांडकुदळ. त्यांचं लग्न झालंय का? मी म्हटलं, अजून नाही. मग भांडकुदळ कोण ते विचारत नाही, असं म्हणून ती पुन्हा कोळंबीकडे वळली.

सिग्नी दुकान बंद करत होती. या वेळी वरच्या फळीकडे वळली नाही. बाहेर आली, माझे दोन्ही हात पुढे ओढले, बाह्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मी घाईघाईने म्हणालो की माझी उसवून पुन्हा विणतो. ती नको म्हणाली. कापताना भीती वाटली का, एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिने बाही सोडली नाही. म्हणाली, "उद्या बाबा घरी आहेत. जेवायला ये. हाच घालून ये."

त्यामुळे आता तिकडेच निघालोय. तिचे वडील काय म्हणतील कोण जाणे. कॉलेजचं विचारतीलच. बाबांना सांग, होडी उन्हाळ्यात येऊन रंगवतो. तोवर लाकडं पुरेत.

तुझा लोभ आजवर कधी आखूड पडला नाही, तो तसाच असू दे.

तुझा हालवर्ड

ता. क. बाहेर बुरबुर सुरू झाली. रेनकोट घातला तर बाही झाकली जाईल, म्हणून तो खुंटीवरच ठेवलाय. घट्ट बाही पुन्हा एकदा खाली ओढून पाहिली, मनगटापर्यंत येत नाही. हाउगेबाई दुपारच्या झोपल्यात. पत्र खिशात घालतो, आणि दार हळू लावून घेतो.