गावाने दिलेलं 'बुओतान'

नेनिता,

दर नाताळला तू पाठवलेल्या खोक्यात साबण, चॉकलेटं आणि तीच चिठ्ठी असते: "मानांग, माझ्यामुळे तू अडकलीस. माफ कर."

तेओदीचे आईवडील अख्खं भाजलेलं डुक्कर घेऊन तुला मागणी घालायला आले, पण तू त्या पहाटेच बोटीने पळाली होतीस. पाहुण्यांना तसंच कसं धाडायचं, म्हणून तुझ्या जागी मी उभी राहिले. तेव्हापासून गाव मला बुओतान म्हणतं, गुणी. न रडणाऱ्या तान्ह्याला म्हणतात, मुकाट गाडी ओढणाऱ्या रेड्याला म्हणतात, तसंच.

अगं, बोटीचं तिकीट तुझ्या उशीखाली मीच ठेवलं होतं. तेओदी मला आधीपासून आवडायचा.

हे पत्रही पेटीतच राहील. बुओतान ऐकायची सवय झालीय गं.

तुझी थोरली,
मानांग एदिथा