एक थंड घर पाहिजे

ड्रमगीहा, कौंटी लिट्रिम
सेंट ब्रिजिडच्या सणानंतरचा दुसरा सोमवार, फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मॅलकीमामा यांस,

भाचा फेलिम याचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे उजवा गुडघा. तो ख्रिसमसपासून वाकत नाही, आणि चर्चमध्ये देवानंही ही सवलत मान्य केलेली आहे.) आपली प्रकृती उत्तम असावी. मामींचा मोतीबिंदू निघाल्याचं कळलं, आनंद झाला. आता त्यांना आपण स्वच्छ दिसू लागला असाल. त्याबद्दल त्यांचं सांत्वन नुअला स्वतंत्र पत्रानं करणार आहे. आमच्याकडे सर्व क्षेम. नुअलाचा खोकला, जो लग्नानंतरची सव्वीस वर्षं नेमानं ऑक्टोबरात येऊन एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकत असे, तो यंदा नोव्हेंबरातच निघून गेला. त्याचं कारण ओघात येईल. आधी आपली क्षमा मागून घेतो.

क्षमा अशासाठी की येत्या बुधवारी दुपारी आमच्या पक्षाच्या प्रवक्त्या ग्रॉनिया टॅलनबाई संसदेत उभ्या राहून आपल्या सरकारच्या घरं उबदार करण्याच्या योजनेवर कडाडून टीका करणार आहेत, आणि त्या टीकेचा मसुदा माझा आहे. आपण चाळीस वर्षं मुल्लिंगारला सरकारपक्षाचे चिटणीस, मी बारा वर्षं ड्रमगीहात विरोधी पक्षाचा. तेव्हा दूरचित्रवाणीवर दिसेल ते मनाला लावून घेऊ नये, इतकं सांगण्यापुरतंच हे पत्र. दुसरा काहीएक हेतू नाही. (पक्षाची निवेदनं माझ्याकडे का येतात, हे आपण मागे विचारलं होतं. डब्लिनला चार वर्षं लॅटिन आणि संस्कृत शिकलो हे एकच कारण. मृत भाषा शिकलेल्या माणसाच्या लिहिण्यानं जिवंत माणसांना इजा होत नाही, अशी पक्षाची समजूत असावी.)

तर गेल्या सप्टेंबरात मी एक निवेदन लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य असं : ‘ड्रमगीहा गावात या योजनेची ऊब आजवर एकाही घराला लागलेली नाही.’ वाक्य खरं होतं, तोलदार होतं, आणि पक्षाला इतकं आवडलं की तारीख बदलून ते दर महिन्याला निघू लागलं. (विरोधी पक्षात हे एक सुख आहे. सरकारनं धोरण बदलेपर्यंत आपल्यालाही टीका बदलावी लागत नाही.) आणि नोव्हेंबरात काय झालं, तर एका सकाळी आमच्या दारात मोठी गाडी उभी राहिली. त्यातून चार माणसं उतरली, त्यांनी भिंतींत भोकं पाडून भराव घातला, माळ्यावर गुडघाभर लोकर अंथरली, खिडक्यांना तीन-तीन काचा बसवल्या आणि घरामागे घर तापवणारं एक यंत्र, हीट पंप, ठेवून दिलं, जे दिवसभर जप केल्यासारखं घुमतं. आम्ही तीन वर्षांपूर्वी अर्ज केला होता आणि विसरूनही गेलो होतो. (ऑक्टोबरात आपण चहाला आला होता, तेव्हा नुअलाला खोकल्याची ढास लागली आणि आपण आमचा अर्ज क्रमांक आपल्या लहान डायरीत टिपून घेतलात. या दोन घटनांचा संबंध जोडणं म्हणजे कावळा बसल्यामुळे फांदी मोडली म्हणण्यासारखं आहे. तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात, आणि मी तर्कशास्त्राच्या बाजूनं आहे.)

घर उबदार झाल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. गावाला अर्थात दुसऱ्याच दिवशी कळलं; पण सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी बोलून दाखवायची नाही, ही ड्रमगीहाची जुनी शिस्त आपण जाणताच. कळलं नाही ते फक्त पक्षाला. आपली नात डर्वला, म्हणजे माझी पुतणी, आता कौंटी परिषदेवर आमच्या पक्षाची सभासद आहे. पण आमची दोन मतं पक्की असल्यामुळे ती आमच्या दाराशी कधी येत नाही. ज्यांची मतं पक्की नाहीत त्यांच्याकडे मात्र तिनं या हिवाळ्यात एवढा चहा घेतला की डॉक्टरांनी तिला ताकीद दिली.

उघडपणे जो येतो तो एकच : बार्टली. वाटेपलीकडचा, आपल्याला आठवत असेल, दात पडल्यापासून जास्तच हसतो तो. वय एक्क्याऐंशी. आमचा अर्ज गेला त्याच आठवड्यात त्याचाही गेला होता. त्याला आजवर तीन पत्रं आली, तिन्हींत ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ एवढंच. नोव्हेंबरपासून तो रोज सकाळी नऊला कुत्र्यासकट आमच्या स्वयंपाकघरात येतो, संध्याकाळच्या बातम्या ऐकतो आणि मग कोट-टोपी घालून घरी झोपायला जातो. ती टोपी तो झोपतानाही काढत नाही. तो वाट ओलांडत असताना त्याचा खोकला ऐकू येतो, आणि नुअला दर रात्री भांडी विसळताना म्हणते, ‘माझाच आहे तो. पलीकडे राहायला गेला.’ ती हे हसत म्हणते, पण त्याचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत नळ बंद ठेवते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पंधरवड्यापूर्वी डर्वलाचा फोन आला. टॅलनबाई शनिवारी वृत्तपत्राचा छायाचित्रकार घेऊन लिट्रिममध्ये येत आहेत, त्यांना सरकारी धोरणाचं जिवंत उदाहरण म्हणून एक थंड घर पाहिजे, आणि सार्वत्रिक निवडणुकीची उमेदवारी कुणाला द्यायची हे बाईंच्या शब्दावर ठरणार आहे. थंड घर म्हटल्यावर शाखेच्या बैठकीत (गुडघ्यामुळे मी गैरहजर) एकमतानं आमचं नाव निघालं. यात गैर काही नाही. वडिलांच्या अंत्यदर्शनाला आलेली माणसं म्हणाली होती की या घरात थंडी न वाजणारा एकच इसम आहे आणि तो पेटीत निजलाय. डर्वला म्हणाली, ‘काका, तुमच्यासारखं घर अख्ख्या कौंटीत नाही. शनिवारी अकराला येतो.’ मी ‘बरं’ म्हणालो. मामा, पुढचं सगळं रामायण त्या एका अक्षरद्वयातून निघालं.

नुअला म्हणाली, फोन कर आणि खरं सांग. मी म्हणालो, करतो, आणि घरामागचं यंत्र बंद केलं. गुरुवारी संध्याकाळी बंद केलं. शुक्रवारी सकाळी घर होतं तसंच. ज्या घराला आम्ही सव्वीस वर्षं तापवू शकलो नाही, ते आता काही केल्या निवेना. खिडक्या उघडल्या तर नेमकं दोन दिवस दक्षिणेचं मऊ वारं सुटलं होतं; बाहेरची मेंढरंसुद्धा समाधानी दिसत होती. सरकारी काम इतकं चोख असू शकतं यावर विरोधी पक्षाचा चिटणीस म्हणून माझा विश्वास बसेना. शुक्रवारी रात्री वारं फिरलं, कडक गारठा पडला, मला आशा वाटली. पण पहाटे कधीतरी नुअलानं उठून खिडक्या लावल्या आणि यंत्र चालू केलं. सकाळी मी कोट तिच्यापुढे धरला तेव्हा ती म्हणाली, ‘सव्वीस वर्षं या घरात कोट घालून वावरले, फेलिम. आता पक्षासाठी घालणार नाही.’ वादात मी हरलो. मग एकट्यानंच कोट घातला, मफलर गुंडाळला आणि घाम पुशीत पाहुण्यांची वाट पाहत बसलो.

पाहुणे अकराला आले. बाहेरच्या गारठ्यातून आत पाऊल टाकताच टॅलनबाईंच्या चष्म्यावर वाफ धरली, मग छायाचित्रकाराच्या भिंगावर धरली, आणि क्षणभर पक्षातर्फे कुणालाच काही दिसेनासं झालं. मी त्या क्षणाचा फायदा घेऊन या घरातल्या शीतयातनांविषयी बोलायला सुरुवात केली. बाई सभ्य, त्यांनी चष्मा पुसला आणि मान डोलावली. डर्वला माझ्याकडे पाहत होती आणि तिचे गाल तांबडे होत होते, ते उबेनं की कशानं हे मी विचारलं नाही. कुत्रा रेडिएटरखाली चारी पाय ताणून असा पसरला होता की त्याच्याकडे पाहून दक्षिण स्पेनची आठवण यावी. आणि मग बार्टली, ज्याला मी कळकळीनं सांगितलं होतं की आज तोंड उघडायचं नाही, तो आपल्या आईनं शिकवलेल्या रीतीला जागून उठला आणि बाईंना म्हणाला :

‘कोट काढा बाई. नाहीतर बाहेर गेल्यावर त्याची ऊब लागायची नाही.’

बाईंनी सावकाश कोट काढला, मग लोकरी जाकीट काढलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मफलर सोडला. हे घर असं केव्हापासून, असं त्यांनी विचारलं, आणि मी एका दीर्घ समासाची जुळवाजुळव करत असतानाच नुअलानं स्कोनची बशी टेबलावर ठेवत उत्तर दिलं, ‘नोव्हेंबरपासून. योजना चांगली आहे हो. मिळत नाही, एवढंच तिचं वाईट.’

मामा, सहा महिने मी निवेदनं लिहितो आहे. त्या सगळ्यांत मिळून एवढं आलं नव्हतं. बाईंनी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग विचारलं, कुणाला मिळालेली नाही? नुअलानं बार्टलीकडे बोट केलं.

सगळे वाट ओलांडून त्याच्या घरात गेलो. तिथे मात्र कोणी कोट काढला नाही. दारातल्या वाटीतल्या पवित्र पाण्यावर बर्फाची साय धरली होती. बार्टली लोणी फ्रिजमध्ये ठेवतो, कारण टेबलापेक्षा तिथे ते मऊ राहतं. भिंतीवर येशूच्या तसबिरीशेजारी आपल्या सरकारपक्षाच्या जुन्या नेत्याची तसबीर, दोघांखाली मिळून एक लाल दिवा. (देहलीदीपन्याय; एकच दिवा दोन्हीकडे उजेड पाडतो.) छायाचित्रकारानं नेत्याची तसबीर तेवढी उतरवावी असं सुचवलं, तर बार्टली म्हणाला, ‘बापानं लावलीय. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्यांनाच मत. ती राहू दे, मला काढा हवं तर.’ मग दोघांचंही काढलं : वर नेता, खाली टोपी घातलेला बार्टली, आणि दोघांमध्ये त्याच्या तोंडातून निघालेली पांढरी वाफ. गुरुवारी ते पहिल्या पानावर आलं. त्याखाली टीकेचा एक शब्दही छापावा लागला नाही. आपण पाहिलंच असेल. नसेल तर मामींना नव्या डोळ्यांनी पाहायला सांगावं.

काल डर्वलाला उमेदवारी मिळाली. बुधवारच्या भाषणात माझं जुनं वाक्य नाही, नुअलाचं आहे. पक्षकार्यालयातून आज एका तरुण माणसाचा फोन आला होता : निवडणुकीआधी आणखी एक छायाचित्र हवंय, तर मे महिन्यापर्यंत त्या आजोबांचं घर तसंच राहील ना? मी राहील म्हणालो. आता ‘बरं’ म्हणणं मी सोडून दिलेलं आहे.

असो. पत्र लांबलं. आपला राजकीय विरोधक, पण शेवटी भाचाच,

फेलिम

ता.क. : बार्टलीच्या अर्जाचा क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर आहे. आपली ती लहान डायरी हाताशी असेल तर बरं. मेपर्यंत थांबू नये. खोकला ऐकवत नाही. मी वर काहीएक हेतू नाही असं लिहिलं आहे, ते परिच्छेदापुरतं खरं मानावं.

दुसरा ता.क. : चिठ्ठीवरचं अक्षर माझं नाही हे आपल्या लक्षात येईलच. ते डर्वलाचं आहे. छायाचित्र काढणं चालू असताना तिनं बार्टलीच्या ड्रॉवरमधून त्याला आलेलं पत्र काढून स्वतःच्याच प्रचारपत्रकाच्या पाठीवर क्रमांक उतरवून घेतला, आणि जाताना माझ्या खिशात घालून म्हणाली, ‘मुल्लिंगारच्या आजोबांना पाठवा. मी सांगितलं म्हणू नका.’ म्हणून मी सांगत नाही.

तिसरा ता.क. : हे सर्व मी बार्टलीला आत्ताच वाचून दाखवलं. तो राजी आहे, पण एका गोष्टीनं खट्टू झालाय : स्वतःचं घर उबदार झाल्यावर इथे यायला निमित्त काय सांगायचं? नुअलानं त्याला सांगितलं की सरकारवर टीका करायला येत जा, इथे शाखाच आहे. त्यावर तो म्हणाला, ‘सरकार माझंच आहे. म्हणजे रोज यावं लागणार.’