बाबांना न दाखवलेलं चित्र

७ जानेवारी

नवं काम आलं. संस्थेचं नेहमीचंच — आरोग्याचं चित्र तसंच ठेवायचं, आतली इंग्रजी अक्षरं काढून मराठी बसवायची. पहिलंच चित्र उघडलं, तर अन्ननलिकेचा कॅन्सर! गेल्याच महिन्यात बाबांचा हाच रिपोर्ट आलाय. दादाने बजावलंय, "अल्सरच म्हणायचं. नाव ऐकलं तर खचतील ते." आई त्याच्याच बाजूची. मीही मान डोलावली.

८ जानेवारी

'गिळायला त्रास' चौकटीत मावेना. अक्षर बारीक केलं की वेलांट्या दिसत नाहीत. काही ठिकाणी तर मूळ चित्रकाराने अक्षरं टाइप केलेली ठेवलीच नाहीत, त्यांच्या नुसत्या रेघा करून टाकल्यात — त्या पुसा, पुन्हा लिहा.

गाठीचं नाव बसवायला चित्र मोठं केलं. ही चित्रं कितीही मोठी करा, धूसर होत नाहीत. पडदाभर ती गाठ! लॅपटॉप मिटला आणि मोरीत जाऊन रडले.

१० जानेवारी

एरवी प्रत्येक चित्र मी आधी बाबांना दाखवते. सातवी शिकलेत. त्यांना कळलं की आमच्या गावात, किन्हवलीत कुणालाही कळतं, हा माझा हिशोब. 'निर्जलीकरण' त्यांनीच उडवलं होतं — "अंगातलं पाणी कमी होतं, असं लिही ना सरळ!"

आता ते ओटीवर आले की मी पटकन दुसरंच काही उघडते. आज पेज पिता पिता थांबले. पेजसुद्धा अडकते आता. म्हणाले, "हल्ली चित्रां नाय दाखवत गो?"

"काम कमी आहे, बाबा."

त्यांनी वाटी तशीच ठेवली.

११ जानेवारी

संक्रांत झाली की कल्याणला किमो. दादाला फोन केला — बाबांना काय सांगायचं? "ताकदीचं सलाइन म्हण." आणि केस गळायला लागले की? "तेव्हाचं तेव्हा बघू." इतका संताप आला! शरीर त्यांचं, आणि ठरवणारे आम्ही!

आई त्यांना म्हणत होती, "बरा वाटला की म्हशाच्या जत्रेला जाऊन येऊ." बाबा नुसते हसले.

१२ जानेवारी

'अंतिम टप्पा' — याला सोपा शब्द सापडत नाही. कुणाला विचारू?

१४ जानेवारी

संक्रांत. बाबांनी तिळगुळाचा कण जिभेवर ठेवला आणि तोंडातच विरघळू दिला.

दुपारी मुद्दाम डासांचं एक जुनं चित्र उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "बघा बाबा, कळतंय का?" त्यांनी चष्मा लावला. सगळं वाचलं, अगदी कोपऱ्यातलंही. मग चुलीपाशी बसलेल्या आईकडे एकदा बघितलं, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, "हे नाय गो. माझंवालं दाखव."