पळसाच्या पानांचा देह

२६ सप्टेंबर १९५५

आज सकाळी इंद्रायणीत अंघोळ केली, भैरोबाला पाणी घातले आणि पायरीवर बसून ही वही उघडली. पन्नाशीला टेकल्यावर हक्काचा देव मिळाला! पलटण सोडल्यापासून नऊ वर्षे दुसऱ्यांच्या देवळांत घंटा वाजवत होतो. मग आमच्या कंपनीचे सुभेदार रंगराव यांचे पत्र आले. पंडित त्र्यंबक, माझ्या गावाला भटजी नाही, निघून या. त्यांचे ते टपोरे अक्षर पाहूनच डोळे भरले.

काल भोसरीपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. रंगराव वेशीवर उभे. कडक सलाम ठोकून मिठी मारली. देवळालगतची खोली शेणाने सारवून ठेवली होती. शेजारच्या सरुबाईंनी पिठले-भाकरी आणली आणि वर टोमणाही मारला: "लढाई जवानांनी केली, आन् वाळलं मातर भटजी!" पोटभर हसलो, पोटभर जेवलो.

२८ सप्टेंबर

देवळामागे दगडी पार आहे. त्यावर तीन नावे कोरली आहेत: बिरू, गेनबा, भिमाजी. तिघे याच गावचे, आमच्याच कंपनीतले. ब्रह्मदेशात गेले. पाराच्या पोटात त्यांच्या अस्थींचे डबे पुरले आहेत. सरुबाई ही गेनबाची बायको, हे आज कळले.

त्यांच्या माणसांना भेटून पाया पडावे, असे मनात होते. उलट बिरूची आई गवराबाई माझ्याच पाया पडली. म्हणाली, "तुमच्या हातून माझं लेकरू सुटलं, भटजीबुवा."

दुपारभर पाराकडे पाठ करून बसलो.

२ ऑक्टोबर

पितृपक्ष लागला. इथे वहीत तरी खरे लिहावे.

पलटणीतल्या पंडिताजवळ बंदूक नसते. रंगरुटाच्या तळहातावर मीठ ठेवून शपथ द्यायची, सणवार करायचे, घरची पत्रे वाचून दाखवायची आणि मेलेल्याला अग्नी द्यायचा. जवान मरणाला फारसा भीत नाही. बेवारस पडायला भितो. ब्रह्मदेशातल्या त्या नदीवर जायच्या आदल्या दिवशी या तिघांनी माझ्याच तळहातावर मीठ ठेवले. म्हणाले, आम्ही तुमच्या हातचे मीठ घेऊन शपथ वाहिली, आता तुम्ही वाहा. आम्हाला तसेच टाकणार नाही म्हणून. मी वाहिली.

दुसऱ्या दिवशी कंपनी मागे फिरली. तिघे पलीकडच्या तीरावर राहिले. पाऊस, लाल चिखल, गोळे, कुणाला जाता येईना.

देह मिळाला नाही तर शास्त्रात वाट आहे. पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात. मी रंगरावांना सांगितले. ते म्हणाले, मग घरी कळवावे लागेल की देह मिळाला नाही; आया जन्मभर वाटेला डोळे लावून बसतील. त्यापेक्षा राख पाठवू.

लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, चुलीतली राख मी तीन डब्यांत भरली. नावाच्या चिठ्ठ्या रंगरावांनी लिहिल्या. हे आपल्या दोघांतच राहील, म्हणाले.

५ ऑक्टोबर

आज बिरूचे श्राद्ध. पानावर खीर, वडे, सगळे होते. कावळा आला नाही. गवराबाई म्हणाली, इतक्या वर्षांत एकदाही शिवला नाही. "माझ्या हातचं त्याला ग्वाड लागत न्हाई व्हय?" मी आभाळाकडे पाहिले.

मग ध्यानात आले की गावात कावळाच नाही. सगळे नदीपलीकडच्या बाभळींवर बसले आहेत. गावाकडे तोंड करून. एकही ओरडत नाही.

८ ऑक्टोबर

भर दुपारी नदीवरून आलो, तो उंबऱ्यावर मिठाच्या तीन चिमटी. ओल्या. सरुबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मीठ कुनी उंबऱ्यावर ठिवतं व्हय, बुवा?" पण आज त्या हसल्या नाहीत.

१० ऑक्टोबर

कावळे आता अलीकडच्या तीरावर.

सकाळी चुलीतली राख काढताना बोटाला टोचले. पेर होते. माणसाच्या बोटाचे. काल दोन सापडली होती, ती लिहिण्याचा धीर झाला नाही. देवळात लाल चिखलाची पावले उमटली आहेत, आणि इकडची माती तर काळी.

१२ ऑक्टोबर

रंगरावांकडे गेलो. दाराला कुलूप. पुण्याला गेले म्हणे, मुक्कामाला.

त्यांच्या उंबऱ्यावर मिठाचा जुना पांढरा डाग आहे, फरशीत मुरलेला. गवराबाई मागे उभी होती. तिने सगळे सांगितले, आवाज न चढवता. तीन वर्षे सुभेदाराच्या दारात मीठ पडत होते. शेवटी त्याने पारापाशी बायकांना बसवून सांगितले, मला यातले काही ठाऊक नव्हते, भटजीनेच चुलीतली राख भरली. "म्हनले, मी त्याला आनतो. तुमचं काय ते त्याच्याकडनं मागून घ्या." पत्र धाडले, त्या दिवसापासून त्याच्या दारात मीठ पडले नाही.

म्हणजे वेशीवरची मिठी. सारवलेली खोली. ती भाकरी. पाया पडली तेव्हाही तिला सगळे—

१४ ऑक्टोबर

भोसरीची मोटार पकडता येईल. गाडीवाला तयार आहे.

नाही. शपथ मी वाहिली होती. रंगरावांनी नाही—

दिवसभर पळसाची पाने तोडली. एकेका देहाला तीनशेसाठ. दर्भाने बांधली. बायका लांबून पाहत होत्या. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलेही नाही.

१५ ऑक्टोबर, सर्वपित्री

नदीकाठी लिहितो आहे. वही गुडघ्यावर.

पार फोडला. डबे काढले. सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितले, ही लंगरची राख आहे, तुमची माणसे तिकडेच राहिली, मी खोटे बोललो. रंगरावांचे नाव घेतले नाही. सरुबाईंनी डबा नदीत उपडा केला. गवराबाई एवढेच म्हणाली, "आता द्या आग."

कावळे भोवताली उतरले. जमीन दिसत नाही.

मी तीन देह केले होते. तीनच. मोजून—

चौथा आहे. त्याला माझे उपरणे गुंडाळले आहे. छातीवर चिठ्ठी बांधली आहे. टपोरे अक्षर. माझे नाव. शाई जुनी, उडालेली, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखीच. म्हणजे तेव्हाच रंगरावांनी माझीही—

तिघांना अग्नी दिला. तीन पिंडांना कावळे शिवले. गवराबाई रडते आहे. सुटले.

चौथ्यापाशी कुणी जाईना. मीच गेलो. मंत्र म्हटला, माझे गोत्र, माझे नाव. दिला अग्नी.

पाने पायाकडून पेटली. माझे पाय—