मागचा डावा पाय पांढरा

४ जून, सकाळ
‘उजव्या कानाला खाच असलेली’ आणि ‘वाऱ्याने विंचरलेल्या आयाळीची’, यांतली कुठली घोडी डोळ्यांसमोर जास्त उभी राहते? खरं तर मला सांगता येत नाही. पण पदवी मला दुसरीसाठी मिळालेली आहे.

परवाच्या गारपिटीत बाबांची घोडी वरच्या कुरणातून नाहीशी झाली. आम्ही घोडीचं दूध काढतो, त्यासाठी शिंगरू खाली दावणीला होतं, ते राहिलं. सहा आठवड्यांचं.

बाबांनी नोटिशीचा मजकूर सांगितला. तांबडी, सहा वर्षांची, मागचा डावा पाय पांढरा, उजव्या कानाला खाच. किराणा यादी! म्हणाले, “तू शिकलेली, तूच नीट लिही.” घरातली पहिली पदवीधर. लिहीनच.

४ जून, दुपार
झालं. “मावळतीच्या निखाऱ्यांच्या रंगाची, वाऱ्याने विंचरलेल्या आयाळीची, लेकरासाठी व्याकुळ डोळ्यांची घोडी हरवली आहे.” पाय आणि कान गाळले. लयीत बसेनात. बाबांचा चष्मा फुटलाय, त्यामुळे छान झालंय हे मीच त्यांना सांगितलं. दुकानावर, बाजारात, व्हॉट्सॲपवर लावलं. उद्यापर्यंत घोडी घरी.

६ जून
घोडी नाही. आईने ग्रुपवर वाचलं. “घोडी शोधतेयस की तिला स्थळ बघतेयस?” दुर्लक्ष.
तीन फोन. एकजण म्हणे, डोळ्यांना काय झालंय, औषध घातलंत का? दुसरा म्हणे, “पोरी, निखारे राहू देत, पाय कुठला पांढरा ते बोल.” मी म्हटलं, भाव लक्षात घ्या. त्याने फोन ठेवला. तिसरा नुसता हसला.
वाचनाची सवयच नाही लोकांना. संकल्प: सप्टेंबरात शाळेत रुजू झाले की मुलांकडून रोज दहा विशेषणयुक्त वाक्यं.

९ जून
शिंगरू बाटली तोंडात धरत नाही. आई बोट दुधात बुडवून चाटवते. ते कुरणाकडे तोंड करून ओरडतं. ओरडण्यासाठी चांगला शब्द शोधत बसले, एकही पटला नाही.
मजकूर कमी पडतोय. “दवाने भिजलेल्या खुरांची” वाढवलं.

११ जून
खिंडीपलीकडचे घोडेवाले काका, एसेनकुल बाइके, चहाला थांबले. सहज म्हणाले, एक तांबडी घोडी त्यांच्या कळपात शिरली होती. रीतीप्रमाणे कोंडून ठेवली, मालकाची चौकशी केली. लेकीने त्यांना माझी नोटीस वाचून दाखवली. “मी म्हटलं, निखारे काय, वारा काय! ही कुणा बड्याची शर्यतीची घोडी. आपल्याकडची तर साधी तांबडी. मालक सापडेना, काल दिली सोडून.”
बाबांनी विचारलं, पाय?
मागचा डावा पांढरा.
कान?
खाच.
बाबांनी चहाची वाटी खाली ठेवली.
पण सोडली म्हणजे ती घरीच येणार. घोड्यांना वाट कळते. एका अर्थी बरंच झालं.

१२ जून
दरीत सापडली. लांडगे. घर दोन तासांवर राहिलं होतं.
बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पाय सांगितला होता ना गं मी?” ओरडले असते तर बरं झालं असतं.
दिवसभर वही उघडी. घोडी मेली, याला पुढे-मागे काही जोडता आलं नाही.

१३ जून
शिंगरू उभं राहिना. शेजारच्या मावशी, नासिपा एजे, यांच्या घोडीचं शिंगरू गेल्या आठवड्यात मेलं, तिला दूध आहे. पण आपल्याकडे असं शिंगरू दिलं की दिलं. ते त्यांचं होऊन जातं, परत मागायचं नसतं. आणि बाबांकडे आपल्या घोडीचं म्हणून दुसरं काही उरलेलं नाही.
त्यांच्या घोडीने आधी दोनदा दात दाखवले. तिसऱ्यांदा पिऊ दिलं.
न्याहारीला आई हळूच म्हणाली, बाबांना विचारून घे, मग ने.
मी पहाटेच नेऊन आले होते.