खुडूक कोंबडीखालचा डबा

मु. गुंजवणे

गीते, आधी आली ती चष्मेवाली. जीपगाडी ओढ्यापल्याड थांबली आणि ही पोरगी विजार घालून, खांद्याला झोळी लावून सरळ आपल्या अंगणात. मला वाटलं, कुटुंब नियोजनाची बाई. मागच्या महिन्यात अशीच एक येऊन सुनंचं डोकं खाऊन गेली व्हती. म्हणून म्या आधीच सांगून टाकलं, बाई गं, माझं मालक जाऊन लई वर्सं झाली, आता माझं काय नियोजन करतीस? तर ती हसून हसून पायरीवरच बसली. तवर मागनं दोन पोरं आली. मानंवर केस रुळत्यात, एकाची तर वेणी घातली असती.

(थांब, ख्यालीखुशाली ऱ्हायलीच. चि. सौ. गीतास भामाबाईचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा हाय? रुईचं पान शेकून बांध. हितं आमी समदी बरी हाओत, म्हस आटलीय तेवढंच. माझं अक्षर रात्रीच्या वर्गातलं, तवा काना-मात्रा तुझ्या पदरची घालून वाच.)

तर पोरगी म्हणाली, "आजी, सोपानचं घर हेच ना?" म्हटलं, माझ्या नातवाला काय झालं? तर झालं काय न्हाई, सोपान पुण्यात रॉकवाल्यांच्या पार्टीत ढोल वाजवतो म्हणं. चौघं जण हाईत, समदं इंग्रजी. रॉक म्हंजे काय ते म्या इचारलं, तर केसाळ पोरानं गाऊनच दाखवलं. कोंबड्या माळ्यावर गेल्या. आणि ही तिघं त्या पार्टीची एवढी वेडी, की पार्टी जिथं जिथं बसली-उठली, त्या समद्या जागा बघत हिंडत्यात. पुण्यातल्या बघून झाल्या, आता शेवटची आपली ऱ्हायली व्हती.

आपल्याकडं बघायला काय हाय, म्हणशील. तर डबा! लहानपणी सोपान संध्याकाळचा भाताच्या खाचरात माळ्यावर बसून डबा बडवायचा, रानडुकरं हाकलायला, आठवतं का? गाणं सुरू करायच्या आधी तो ही गोष्ट समद्या लोकांस्नी सांगतो म्हणं, आन लोक टाळ्या वाजवत्यात. डुकरं पळायची, आन माणसं तिकीट काढून येत्यात. पुण्याची तऱ्हाच न्यारी.

कोपऱ्यात डबा व्हता, त्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. ते गाणारं पोरगं गुडघ्यावर बसलं आणि डब्याला हात लावला. कोंबडीनं असा टोचा मारला की रगात आलं. तर ते बोट समद्यास्नी दाखवत, हरकून हिंडतंय! त्यास्नी डबा पुण्याला न्यायचाय, गाण्याच्या जागी मांडायला. म्या म्हटलं, बाबांनो, बसलेली कोंबडी हलवत न्हाईत, अंडी वाया जात्यात. पिल्लं निघाली की या आन घेऊन जा.

आता खरं सांगायचं ते सांगते. सोपानचा बाप, आपला साहेबराव, तितंच खांबाला टेकून बसला व्हता. ढोल म्हटल्याबरोबर त्यानं चहाचा कप खाली ठेवला आन वावराकडं गेला. पोरास्नी काय कळतंय. पण तुला ठावं हाय, दीक्षा घेऊन आलो त्या दिवशी ह्याच साहेबरावानं घरातली हलगी चुलीत घातली. म्हणाला, आजपासनं कुणाचा सांगावा येणार न्हाई आन कुणाच्या दारात आपुन वाजवणार न्हाई. सोपान तवा रांगत व्हता. म्हणून तर पोराच्या हाताला डबा आला, हलगी घरात असती तर कशाला डबा बडवला असता? साहेबरावाला वाटतं, पोरगं फिटर व्हायला गेलं आन माघारी त्याच उंबऱ्यावर जाऊन बसलं. दोन दिस झालं, माझ्याशी बोलत न्हाई. सोपानला घरी पाऊल टाकू देणार न्हाई, असं सुनंला म्हणाला. माझ्या घशाखाली भाकर उतरत न्हाई गीते (उतरते, पण चव लागत न्हाई).

तर म्या ठरवलंय, पुण्याला जायचं. पोरं जीपगाडीतनं नेणार हाईत. आधी पिठाची गिरणी. तिच्या मागल्या खोलीत ही चौघं वाजवायला शिकली. गिरणी चालू असली की वाजवायचं, बंद झाली की गप बसायचं, म्हंजे शेजारी भांडत न्हाईत. गिरणीवाल्याला देण्यासाठी म्या इंद्रायणीचा तांदूळ काढून ठेवलाय, आन येताना जवारीही दळून आणीन, फेरा कशाला वाया घालवायचा? मग इराण्याचं हाटेल, तितं एका चहावर चौघं दुपारभर बसायची. त्या इराण्याला म्या चार चहाचे पैसे देणार हाय, आपल्या पोरानं कुणाचं फुकट खाल्लेलं नको. मग ते काचा लावलेलं दुकान, जिथं टांगलेली गिटार ही पोरं सहा महिने बाहेरनं बघायची. म्याबी बाहेरनंच बघीन.

आन शेवटची जागा कुठली ठावं हाय का? तुझी खोली! सोपान झोपतो त्या पलंगाखाली ढोल असत्यात म्हणं, आन "गीताआजी लई छान शेंगादाण्याची चटणी देत्यात" म्हणं. गीते, दोन दिवाळ्या तू मला लिव्हतीस, सोपान अभ्यासानं वाळलाय! तू भेट, मग बघते.

माझी झोपायची सोय कर. पलंगावर न्हाई, ढोलाशेजारी.

तुझी थोरली बहीण,
भामाबाई

ता.क. कोंबडीखालचा डबा त्यो न्हवंच. त्यो गेल्या दिवाळीचा गोडेतेलाचा हाय. सोपानचा खरा डबा साहेबरावानं कधीच कापून, सपाट करून गोठ्याच्या छपराला ठोकलाय, तितनं पाणी गळायचं. पण पोरं एवढ्या लांबनं आलेली, माझ्या तोंडनं 'न्हाई' निघंना. तवा तुझ्या अंगणात कोरफड लावलीय त्यो चेपलेला डबा भोरच्या एस.टी.नं कुणाबरूबर लावून दे. कोरफड मडक्यात लाव. हे कुणाला बोलू नको, पत्र खरं ह्याच्यासाठीच लिव्हलंय.

ता.क. दुसरा. डबा पाठवू नको. काल जेवताना म्या भिताडाकडं बघत बोलले, की तिकडं म्हणं सोपान वर बसतो आन लोक खाली बसत्यात. कुणी त्याला सांगावा धाडत न्हाई, लोकच त्याच्याकडं येत्यात, आता तर पार आपल्या दारापोत्तर आली, आपल्या घोंगडीवर बसली, आपल्या माठातलं पाणी प्याली. साहेबरावानं भाकर एक जास्त खाल्ली. आज फटफटताना छपरावर ठोकठोक, म्हटलं माकडं आली. बघते तर साहेबराव पत्रा उचकटतोय. आता अंगणात बसून पत्रा लाकडाच्या ओंडक्याला गुंडाळून हातोडीनं गोल करतोय आन मलाच दटावतोय, "आये, कडी हिकडल्या अंगाला व्हती का तिकडल्या?" गोठा आता गळंल, गळू दे.

मगाशी इचारत व्हता, जीपगाडीत माणसं किती बसत्यात, आन ती पोरं कवा येतो म्हणालीत. म्या सांगितलं, बुद्धजयंतीला, सकाळच्या पारी.